जू उतरल्यानंतर

विसाव्या पशुगणनेतला एक आकडा शेतीवरच्या चर्चांत फारसा येत नाही. २०१२ साली भारतात गोवंशातले नर ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ साली ते ४ कोटी ७४ लाख उरले. सात वर्षांत तीस टक्के घट. याच काळात गाई मात्र अठरा टक्क्यांनी वाढल्या. दूध देणारी राहिली, ओढणारा गेला. ट्रॅक्टर गावोगावी भाड्याने मिळू लागला, वाटण्या होऊन शिवाराचे तुकडे पडले, वैरण महागली, आणि वर्षातले मोजके दिवस कामाला येणारी जोडी बाराही महिने सांभाळणे लहान शेतकऱ्याला झेपेनासे झाले. बेंदूर आणि पोळा अजून होतो. ज्यांच्या गोठ्यात बैल उरला नाही ती घरे कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात.

हे पाहताना कुणालाही वाटेल की माणसाच्या कारभारातले जनावरांचे काम आता संपत आले. दूध, अंडी, मांस आणि लोकर एवढा व्यवहार उरेल, बाकीचे यंत्र करील. जनावरांच्या योगदानावर बोलताना बहुतेक लिखाण इथेच थांबते, आणि नेमके इथेच ते चुकते. मानेवरचे जू उतरले त्याच काळात माणसाने जनावरांकडून घेतलेली दुसरी कामे वाढत गेली. घोड्याचे रक्त, उंदराचे नाक, गिधाडाचे पोट, मेंढीचे जनुक, डुकराचे मूत्रपिंड ही आज त्या कामाची ठिकाणे आहेत. बैलाचे कष्ट साऱ्या गावाला दिसत असत आणि वर्षातून एकदा त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली जाई. या नव्या कष्टांना साक्षीदार नाही, म्हणून त्यांचा हिशेबही नीट मांडला गेलेला नाही. पुढच्या पानांचा विषय हाच हिशेब आहे.

सुरुवात एका छोट्या काचेच्या बाटलीपासून करायला हवी.

पावसाळ्यात किंवा भातकापणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण ग्रामीण रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा साप कोणता हे अनेकदा कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटे न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी आडवी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनल्याची ती खूण. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर नाग किंवा मण्यार. दोन्ही प्रसंगी औषध एकच: खेड्यात जिला सापाची लस म्हणतात ती पांढरी भुकटी. ती पाण्यात विरघळवून सलाइनमधून देतात, बहुधा आठ ते दहा बाटल्यांपासून सुरुवात होते.

ही भुकटी म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे. निरोगी घोड्याला सापाच्या विषाची अगदी अल्प मात्रा टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने ती वाढवत नेतात. घोड्याचे शरीर विषाशी लढायला शिकते आणि त्याच्या रक्तात विष निकामी करणारी प्रतिपिंडे साठतात. मग ठरावीक मर्यादेत रक्त काढून त्यातला रक्तद्रव वेगळा करतात; तांबड्या पेशी अनेक ठिकाणी घोड्याला परत देतात, म्हणजे त्याला अशक्तपणा येत नाही. रक्तद्रव शुद्ध करून, गोठवून, सुकवून बाटलीत भरतात. एका बाटलीतल्या १० मिलिलिटर द्रावणाने नागाचे ६ मिलिग्रॅम, घोणसाचे ६ मिलिग्रॅम, मण्यारीचे साडेचार आणि फुरशाचे साडेचार मिलिग्रॅम विष निकामी व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे. १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी ही रीत बसवली. सव्वाशे वर्षांत शुद्धीकरण पुष्कळ सुधारले, मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

महाराष्ट्राचे या औषधाशी जुने नाते आहे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १८९७च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. सर्पदंशावरच्या औषधासाठी हाफकिनचे घोडे पिंपरीला पाळले गेले. विष येते ते मुख्यतः तमिळनाडूतून. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८पासून साप धरते, विष काढते आणि सापांना पुन्हा रानात सोडते. कातड्यासाठी साप मारण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या जमातीने कायदा बदलल्यावर तेच कसब जीव वाचवण्याकडे वळवले, ही भारताच्या विज्ञानातली फार मोठी गोष्ट आहे. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा साप पकडणाऱ्यांना पद्मश्री मिळाली.

तरीही मरणारे मरतातच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, रुग्णालयापर्यंत न पोहोचलेल्यांचे. औषधाचीही एक मर्यादा आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, आणि विष मुख्यतः एकाच भागातल्या सापांचे गोळा होत असेल तर राजस्थानातल्या किंवा कोकणातल्या दंशावर तयार औषध कमी पडू शकते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकार फुरसे मारण्यासाठी बक्षीस देत असे, इतका त्याचा उपद्रव होता. त्या जिल्ह्यातल्या फुरशाच्या विषावर औषध नेमके किती चालते, हा तिथल्या शेतमजुराच्या जिवाचा प्रश्न आहे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा असाच पाठपुरावा केला. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आणले. प्राझोसिनला घोड्यापासून तयार केलेल्या विंचू-प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी पुढे दाखवले.

औषधाच्या इतिहासात मागे गेले की जनावरांची रांग लांबच लांब होत जाते. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ती गाईच्या देवीपासून आलेली लस होती आणि बगदाद-बसऱ्याच्या वाटेने एका हातावरून दुसऱ्या हातावर अशी जिवंत ठेवत आणलेली. पुढे वासरांच्या कातडीवर ती वाढवू लागले. बेळगावच्या संस्थेत हे काम वर्षानुवर्षे चालले. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन शोधले, आणि त्यानंतर साठ वर्षे जगातले मधुमेही डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडावर जगले. सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिन काढायला दोन टनांच्या आसपास अवयव लागत. १९८२ साली जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि ती गरज हळूहळू संपली. रक्त गोठू न देणारे हेपारिन मात्र आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यातूनच येते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाला ते रोज टोचतात.

करोनाच्या पहिल्या लाटेत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी लाल तोंडाची ऱ्हिसस माकडे हवी होती. टाळेबंदीत गावे आणि मंदिरे ओस पडल्यामुळे माकडे रानात पांगली होती. अखेर नागपूरच्या आसपास ती सापडली. वीस माकडांवर झालेल्या त्या चाचणीनंतर कोट्यवधी दंडांवर सुई टेकली. या वीस प्राण्यांची नोंद कृतज्ञतेने व्हायला हवी. ती लसीकरणाच्या कुठल्याही जाहिरातीत झाली नाही.

नाकाचे काम रक्ताइतके वेदनेचे नाही, आणि त्यात जनावराला स्वतःलाही गोडी असते. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्राडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. ते सापडले नसते तर शहराला आणखी किती घाव बसले असते याची कल्पना करवत नाही. २००० साली तो गेला तेव्हा मुंबई पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला.

झंजीरचे नाव मुंबईकरांना ठाऊक आहे. मगावाचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. तो आफ्रिकेतला गालात पिशव्या असलेला मोठा उंदीर होता. १९९०च्या दशकात बार्ट वेटयेन्स या बेल्जियन तरुणाला लहानपणी पाळलेले उंदीर आठवले आणि त्यातून भूसुरुंग हुंगणाऱ्या उंदरांची ‘अपोपो’ ही संस्था उभी राहिली. टांझानियातल्या मोरोगोरो गावी, सोकोइने कृषी विद्यापीठात हे उंदीर शिकवले जातात. पद्धत सोपी आहे: टीएनटीचा वास आला की जमीन उकरायची, की टिकटिक आवाज होतो आणि केळ्याचा किंवा शेंगदाण्याचा घास मिळतो. उंदीर इतका हलका की सुरुंगावर चढला तरी तो फुटत नाही. धातुशोधक यंत्र प्रत्येक खिळ्यापाशी आणि डब्याच्या झाकणापाशी थांबते. उंदीर फक्त स्फोटकापाशी थांबतो. टेनिसच्या मैदानाएवढी जमीन तो अर्ध्या तासात तपासतो, यंत्र घेतलेल्या माणसाला तिथे चार दिवसही लागतात. मगावाने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि स्फोटके शोधली. २०२० साली ब्रिटनमधल्या पीडीएसए या संस्थेने त्याला शौर्याचे सुवर्णपदक दिले. ते मिळवणारा तो पहिला उंदीर. मोझांबिक २०१५ साली सुरुंगमुक्त जाहीर झाले, त्यातही या उंदरांचा वाटा आहे.

हेच उंदीर क्षयरोगही हुंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न दिसलेले थुंकीचे नमुने त्यांच्यापुढे ठेवतात. शंभर नमुने उंदीर वीस मिनिटांत हुंगून संपवतो आणि सुटलेले रुग्ण दाखवतो. मग प्रयोगशाळा त्या नमुन्यांची पुन्हा खातरजमा करते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत. या पद्धतीकडे आपण अधिक गंभीरपणे पाहायला हवे.

आता एका अशा कामाकडे, जे कुणी शिकवले नव्हते आणि ज्याची मजुरी कुणी दिली नव्हती.

गिधाड मेलेले जनावर खाते, एवढेच बहुतेकांना माहीत असते. त्याच्या पोटातले आम्ल इतके तीव्र की सडक्या मांसातले पुष्कळसे रोगजंतू तिथेच मरतात. गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागी टाकलेल्या बैलाचा गिधाडांचा थवा काही तासांत सांगाडा करीत असे. १९९०च्या दशकात हे थवे नाहीसे होऊ लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरला ही घसरण दिसली. कारण मात्र २००४ साली पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून उमगले: दुखणाऱ्या गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक. ते पोटात असलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे भारतातून ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली.

त्यानंतर जे झाले ते मोजायला वीस वर्षे लागली. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे पूर्वी मुबलक असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना केली. जिथे गिधाडे होती तिथे माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला. उघड्यावर सडणारी जनावरे, बिघडलेले पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि रेबीज ही त्यामागची साखळी. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. एका पक्ष्याच्या जाण्याची किंमत इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी काढली असेल. मुंबईत ती किंमत वेगळ्या रूपाने दिसली: मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा शतकांचा अंत्यविधी गिधाडांवाचून अडला आणि सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

२००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. त्याऐवजी गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्सिकॅम उपलब्ध आहे. कोकणात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गिधाडांची घरटी राखली, त्यांच्यासाठी मेलेली जनावरे पुरवली आणि गावकऱ्यांना सोबत घेतले. पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे २०२४ साली ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत आणली गेली. हे काम चिकाटीचे आहे, कारण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गमावलेले थवे पुन्हा उभे राहायला माणसाच्या दोन पिढ्या जातील.

रानातले आणखी एक प्राणी-काम सिंधुदुर्ग आणि गोव्याला फार जवळचे आहे. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. गोचिडीतून तो पसरतो. २०१५च्या सुमारास तो गोव्याच्या सत्तरीत आणि मग दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागेत, रानात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. या रोगात वानरे आणि माकडे माणसांच्या आधी मरतात. म्हणून रानात माकड मेलेले दिसले की आरोग्य खात्याला कळवायचे, परिसरात गोचिडीनाशक फवारायचे, लोकांना अंगाला लावायचे तेल द्यायचे, अशी व्यवस्था उभी राहिली. मेलेले माकड इथे पुढच्या धोक्याची खबर देते. जंगल आणि गाव यांच्या सीमेवर येत्या काळात असे आजार आणखी येतील, आणि पहिली खबर जनावरांकडूनच येईल. ती वाचायला पशुवैद्य, वनरक्षक आणि आरोग्य केंद्रातला डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलत राहावे लागेल. आजही तालुक्याच्या पातळीवर ही तीन खाती क्वचित एका टेबलाशी बसतात.

भविष्याची चर्चा निघाली की सगळ्यात जास्त गाजते ती डुकराची. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका माणसात बसवले. तो दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला जिवंत रुग्णात डुकराचे मूत्रपिंड बसवले. त्या डुकरात ६९ बदल केले होते. पुढच्या रुग्णांत ही मूत्रपिंडे काही महिने चालली आणि २०२५ साली अमेरिकेत रीतसर चाचण्यांना परवानगी मिळाली. या वाटेवर एक भारतीय फार आधी चालला होता. १९९७च्या जानेवारीत गुवाहाटीजवळ डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णात डुकराचे हृदय आणि फुप्फुसे बसवली. रुग्ण आठवड्याभरात गेला, डॉक्टरांना अटक झाली. परवानगी आणि पूर्वतयारीविना केलेला तो प्रयोग समर्थनीय नव्हता. तरी डायलिसिसच्या रांगेत मूत्रपिंडाची वाट पाहत थकलेल्या माणसांची संख्या पाहता, तो प्रश्न त्यांनी अवेळी विचारला एवढेच म्हणता येते, चुकीचा विचारला असे नाही.

उंटाचे योगदान याहून शांत आणि कदाचित याहून मोठे ठरेल. ब्रसेल्समध्ये रेमों हामेर्स यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकाअखेरीस विद्यार्थ्यांना उंटाच्या रक्तात एक वेगळेच प्रतिपिंड आढळले. इतर सस्तन प्राण्यांच्या प्रतिपिंडात जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. उंट, लामा आणि अल्पाका यांच्याकडे फक्त जड साखळीचेही प्रतिपिंड असते. त्याचे टोक कापून घेतले की फार लहान, टिकाऊ, उष्णतेला न डगमगणारे लघुप्रतिपिंड मिळते. त्यावर आधारलेले पहिले औषध २०१८ साली युरोपात मंजूर झाले. आणि २०२५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी एक अल्पाका आणि एक लामा यांच्यापासून मिळवलेल्या आठ लघुप्रतिपिंडांचे मिश्रण आफ्रिकेतल्या अठरा विषारी सापांपैकी सतरांच्या विषावर उंदरांमध्ये गुणकारी ठरल्याचे दाखवले. ही लघुप्रतिपिंडे एकदा ओळखली की जिवाणूंकडून कारखान्यात बनवता येतात. मग दर वेळी प्राण्याला टोचावे लागत नाही. त्याच वर्षी सुरुवातीला डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आखलेली, कुठल्याही प्राण्यात न बनलेली प्रथिनेही नागाच्या कुळातल्या विषांवर उंदरांत चालल्याचे प्रसिद्ध झाले होते.

इथे या विषयाचा गाभा येतो. जनावरांच्या भावी योगदानाचा एक मोठा भाग असा असेल, की ते एकदाच द्यावे लागेल. आठ लघुप्रतिपिंडांसाठी दोन प्राणी पुरले. औषधांत जिवाणूंचे विष उरले आहे का हे तपासण्यासाठी आज घोड्याच्या नालेच्या आकाराच्या खेकड्याचे निळे रक्त काढतात. त्याचा कृत्रिम पर्याय आता मान्य झाला आहे. इन्सुलिनच्या वाटेने एकेक काम प्राण्याच्या अंगावरून उतरेल, आणि ते उतरावे. पण पर्याय सापडेपर्यंत ज्यांच्या रक्तावर आपण अवलंबून आहोत त्यांची देखभाल कुठल्या दर्जाची आहे, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय धरून ठेवला म्हणून १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती त्याच कायद्याने आली. तिची तपासणी अधिक कडक आणि अधिक उघड होण्यात औषध कंपन्यांचे आणि रुग्णांचेही हित आहे, कारण आजारी घोड्याच्या रक्तातून चांगले औषध निघत नाही.

मधमाशीवर स्वतंत्र ग्रंथ होतील, इथे थोडक्यात. कांद्याचे बी धरायचे तर माशी लागते, सूर्यफुलाचे भरघोस उत्पादन घ्यायचे तर माशी लागते. सह्याद्रीतली सातेरी माशी पेटीत राहते. आग्या मोहोळाची माशी राहत नाही, तरी परागीभवनात तिचा वाटा मोठा आहे. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली, आणि २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे महाराष्ट्राचे पहिले ‘मधाचे गाव’ जाहीर झाले. फुलोऱ्याच्या दिवसांत भर दुपारी कीटकनाशक फवारणारा शेतकरी आपल्याच पिकाचा मजूर मारतो. हे त्याला कुणीतरी पुन्हापुन्हा सांगायला हवे.

शेवटचा विषय मेंढीचा, आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण वर्तमान आणि भविष्य दोन्ही त्यात एकत्र आहेत.

दिवाळीनंतर फलटण, बारामती, पुरंदरच्या पठारावरचे धनगर मेंढरे घेऊन घाट उतरतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी आणि लहान पोर, पुढे मेंढरांचा कळप. कोकणात भात कापून खाचरे मोकळी झालेली असतात. शेतकरी त्यांना आपल्या शेतात ‘मेंढ्या बसवायला’ बोलावतो. रात्री जाळीच्या वाघरात कळप बसतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते, दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यावर सरकते. मोबदला पूर्वी धान्याने मिळे, आता बहुधा रोख. मृगाच्या आधी कळप घाटावर परततो, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. ना डिझेल, ना पोते, ना वाहतूक. खत स्वतःच्या पायांनी शेतात चालत येते. सेंद्रिय कर्ब घटल्याची तक्रार सगळीकडे असताना हा व्यवहार म्हणजे टिकून राहिलेले शेतीशास्त्र आहे.

याच फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे काम केले. दख्खनी मेंढी काटक, पण सहसा एकाच कोकराला जन्म देते. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगाने बुटकी, मात्र तिला जुळी-तिळी होतात. हा गुण एका जनुकातल्या बदलामुळे येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तोच बदल तिथल्या बुरूला मेरिनो जातीत पोहोचला, असे संशोधक मानतात. दोन शतकांनी तो ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या सहकार्याने फलटणला ओळखला गेला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने रक्तातून तपासला गेला आणि दख्खनी मेंढ्यांत आणला गेला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. संशोधकांनी मोठा जपून टप्पा घेतला: जुळ्यांना दूध पुरते का, चालत्या कळपात ती टिकतात का, हे धनगरांच्या कळपांतच वर्षानुवर्षे पाहिले. प्रयोगशाळेतला गुण वाड्यावर खरा ठरतो की नाही याची परीक्षा मेंढपाळाने घेतली. असे संशोधन महाराष्ट्रात झाले याचा अभिमान वाटावा.

सुंदरबनातली ती बुटकी मेंढी कुणी निरुपयोगी ठरवून नामशेष होऊ दिली असती तर हा मार्ग बंद झाला असता. खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी या गाई-बैलांच्या जाती, उस्मानाबादी शेळी, पंढरपुरी म्हैस यांच्या अंगात कोणते गुण आहेत, उन्हाळे अधिक तापू लागल्यावर त्यांतला कोणता कामी येईल, हे आज पूर्णपणे ठाऊक नाही. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था जातींची नोंद ठेवते आणि वीर्य गोठवून जपते. पण जात खरी टिकते ती तिला पाळणाऱ्या माणसाच्या दारात.

आणि त्या माणसाची अडचण रोजची आहे. घाटवाटेवर महामार्ग झाले, गायरानांवर वसाहती आणि कारखाने आले, वनखात्याच्या हद्दीत कळप शिरला की दंड होतो, रात्री कोकरे चोरीला जातात, पोरांची शाळा बुडते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. महाराष्ट्रात त्या निमित्ताने करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: घाटातल्या जुन्या वाटांची नोंद, मुक्कामाच्या गावी पाण्याची आणि लसीकरणाची सोय, कळपाबरोबर फिरणाऱ्या मुलांसाठी हंगामी शाळा, आणि खाचरात मेंढ्या बसवण्याला खताच्या अनुदानाच्या हिशेबात जागा.